चाळीस नोटांचे नंबर

मी बँकेच्या वसुली विभागात अधिकारी आहे, नाशिकला. थकलेल्या कर्जांच्या फाइली माझ्या टेबलावर येतात आणि त्यातली शैक्षणिक कर्जं वाढत चालली आहेत, विशेषतः परदेशी गेलेल्या मुलांची. जुलै २०२४ मधल्या एका सोमवारबद्दल लिहिते आहे.

सकाळी साडेदहाला एक काका समोर येऊन बसले. जेलरोडला राहतात, नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून निवृत्त झालेले. छत्री बाहेर ठेवून आले होते, पण हातातली रेक्झिनची पिशवी मात्र पावसात अंगाशी धरून आणलेली दिसत होती. शर्टाच्या पुढच्या बाजूला तेवढा चौकोन कोरडा होता.

"मॅडम, मुलाच्या कर्जाचं भरतोय मी. तरी माणसं घरी यायची थांबत नाहीत."

मी खातं उघडलं. २०१९ मध्ये अठरा लाख मंजूर. मुलगा कॅनडात शिकायला गेला, काका सहकर्जदार, जेलरोडचा फ्लॅट तारण. शिक्षणाचा काळ आणि पुढचं एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चढत राहतं. हप्ते सुरू झाले तेव्हा आकडा तेवीस लाखांच्या घरात होता. हप्ता तीस हजार चारशे. शेवटचा जमा डिसेंबर २०२३ चा. मार्चमध्ये नव्वद दिवस उलटले आणि खातं एनपीए झालं, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत ठरलं.

"काका, डिसेंबरनंतर खात्यात एक रुपया आलेला नाही."

त्यांनी वाद घातला नाही. पिशवीतून एक जाड वही काढली, पट्टीने रेघा मारलेली. तारीख, वेळ, कोण आलं, काय बोललं, किती दिले. अक्षर बारीक आणि एकसारखं. चार ठिकाणी 'दिले' या रकान्यात ५,००० लिहिलेलं आणि प्रत्येकाखाली दहा ओळी, पाचशेच्या दहा नोटांचे नंबर. आधी एक आकडा, मग दोन अक्षरं, मग सहा आकडे. चाळीस नोटा, चाळीस नंबर.

"पावती मागितली तर नंतर देतो म्हणाला. मग मी नंबर लिहून ठेवले. चौतीस वर्षं तपासणीत होतो, हात आपोआप जातो."

नाशिकरोडला १९२८ पासून नोटा छापतात. त्या प्रेसमधल्या माणसांची शिस्त आम्ही नाशिककर ऐकून असतो. ती त्या दिवशी मी वहीत पाहिली.

बाकीचे रकाने वाचताना मात्र माझा घसा कोरडा पडला. '१९ एप्रिल, रात्री ८.४०. दोन जण. जिन्यात उभे राहून मोठ्याने बोलले. वरचे कुलकर्णी बाहेर आले.' '३ मे. सिन्नरला मुलीच्या सासऱ्यांना फोन.' कर्जाच्या अर्जात दोन संदर्भ लिहून घेतात, त्यात जावयाचा नंबर होता, तिथून धागा लागला असणार. '९ मे. मुलाला फोन, आपले सकाळचे १०.३०. पासपोर्ट रद्द, एअरपोर्टला उचलणार म्हणाला.' आपल्याकडे साडेदहा वाजतात तेव्हा टोरांटोत रात्रीचा एक असतो.

वसुलीचा फोन सकाळी आठच्या आधी नाही, संध्याकाळी सातच्या नंतर नाही, माणसाची चारचौघांत बेअब्रू करायची नाही, हे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये स्पष्ट लिहून दिलं आहे. एजंटाने काहीही केलं तरी जबाबदारी बँकेची, हेही त्यात आहे. मुलाला केलेला फोन नाशिकच्या घड्याळाने नियमात बसत होता. पण मध्यरात्री एकट्या राहणाऱ्या पोराला धमकावून उठवायचं आणि वर घड्याळ दाखवायचं, हे मला पटणारं नाही.

थकीत खाती बाहेरच्या वसुली एजन्सीकडे द्यायच्या यादीवर माझी सही होती. त्या महिन्यात अशा बऱ्याच याद्यांवर मी सह्या केल्या होत्या. हे नाव त्यांतलंच एक.

"तुम्ही थेट ब्रँचला का नाही भरलेत?"

"एनपीए खात्याचे पैसे ब्रँच घेत नाही, आमच्याकडेच भरायचे, असं तो म्हणाला. मुलगा माझ्या खात्यात पाठवायचा, मी काढून द्यायचो."

मुलगा नेट बँकिंगने का भरत नव्हता, हे विचारल्यावर सगळ्याचं मूळ सापडलं. त्याचा आपल्याकडचा मोबाइल नंबर रिचार्जअभावी बंद पडला होता आणि बँकेत तोच नोंदवलेला. ओटीपी त्या नंबरवर, हप्त्याची आठवण त्या नंबरवर, खातं एजन्सीकडे दिल्याचा मेसेजही त्याच नंबरवर. आमच्या लेखी सगळं कळवून झालं होतं. त्याच्यापर्यंत काहीच पोचलं नव्हतं. परदेशी गेलेल्या मुलांच्या फाइलींत हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की आता कर्ज देतानाच तिकडचा नंबर आणि चालू ईमेल कळवायला बजावते.

एजन्सीच्या माणसाला फोन करून त्या चार तारखांचे भेटीचे अहवाल आणि कॉलचं रेकॉर्डिंग मागवलं. दुपारी आलं. चारही दिवशी अहवालात 'घर बंद' असा शेरा. मग मी रेकॉर्डिंग ऐकत बसले. अकरा मेच्या कॉलमध्ये वसुलीला जाणाऱ्या त्या पोराचा आवाज अगदी स्वच्छ होता: "काका, उद्या येतो, पाच तयार ठेवा." काकांच्या वहीत बारा मेला ५,००० आणि खाली दहा नंबर. नुसत्या नंबरांनी काही सिद्ध झालं नसतं, पण वही आणि कॉल शेजारी ठेवल्यावर एजन्सीकडे बोलायला जागा उरली नाही. मी त्याच दिवशी लेखी तक्रार वर पाठवली. पुढे वीस हजार एजन्सीने खात्यात भरले, त्या पोराला काढलं आणि आमच्या विभागाने त्यांचं काम थांबवलं.

मुलाशी बोलायचं तर पाच वाजेपर्यंत थांबणं भाग होतं. काकांना घरी जाऊन या म्हटलं, तर ते बाकावरच बसून राहिले. डबाही आणला नव्हता. आमच्या शिपायाने त्यांच्यासाठी मिसळ-पाव आणली. त्यांनी पाव खाल्ले, तर्री बाजूला ठेवली.

पाचला त्यांच्याच फोनवरून लावला. तिकडे सकाळचे साडेसात, मुलगा गोदामातल्या रात्रपाळीवरून परतत होता. नोव्हेंबरमध्ये नोकरी गेल्यापासून हेच काम. बँकेतून बोलते आहे म्हटल्यावर पलीकडे इतकी शांतता झाली की फोन तुटला असं वाटलं.

"मॅडम, मी पळालेलो नाही."

"कोणी तसं म्हणत नाहीये."

"जूनमध्ये आईचं वर्षश्राद्ध होतं. तिकीट काढलं होतं, रद्द केलं. मुंबईला उतरलो की पकडतील म्हणाला तो."

काका खिडकीबाहेर बघत होते. ही तिकिटाची गोष्ट त्यांनाही तेव्हाच कळली.

मी त्याला एकेक करून सांगितलं. हप्ते थकणं हा दिवाणी मामला आहे, त्यासाठी कोणी अटक करत नाही. पासपोर्ट रद्द करणं एजंटाच्या हातात नाही आणि बँकेच्याही नाही. लुकआऊट सर्क्युलरची, म्हणजे विमानतळावर माणसाला अडवायच्या सूचनेची, मागणी करायची जी मुभा सरकारी बँकांच्या प्रमुखांना दिली होती, तीच मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये रद्द केली. एजंट ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र दाखवत नसेल तर त्याच्याशी बोलू नका. पैसे फक्त कर्जखात्यात भरा, कुणाच्या हातात नाही. बँकेला लेखी तक्रार करा, तीस दिवसांत दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा.

दुसरी बाजूही तितकीच स्पष्ट सांगितली, कारण ती लपवली असती तर एजंटात आणि माझ्यात फरक उरला नसता. कर्ज फिटेपर्यंत ते आहेच. सहकर्जदार म्हणून वडिलांवर तुमच्याइतकीच जबाबदारी आहे. फ्लॅट तारण आहे, सरफेसी या तारण ताब्यात घेण्याच्या कायद्याखाली साठ दिवसांची नोटीस काढता येते आणि तिचा मसुदा माझ्या फाइलीत तयार आहे. तुम्ही गप्प बसलात तर ती निघेल. आज रात्री तुमच्या ईमेलवरून मला लिहा: नोकरी कधी गेली, आता किती मिळतात, महिन्याला खरोखर किती भरू शकता. आकडा छोटा असला तरी चालेल, खोटा नको.

रात्री मेल आली. सहीनंतर एक ओळ होती, 'बाबांना परत कोणी जिन्यात ओरडणार नाही ना?'

कर्जाची मुदत दहा वर्षांवरून पंधरा करायला आमच्या वरिष्ठांनी दीड महिना घेतला. हप्ता चोवीस हजार सातशेवर आला. व्याज एकूण जास्त जाणार, हे मी त्याला आकड्यांनिशी दाखवलं होतं. तरी त्याने तेच निवडलं आणि बरोबर निवडलं, असं मला वाटतं. महिन्याला जवळपास सहा हजार कमी म्हणजे तिकडे भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलाला श्वास घ्यायला जागा. कागदांवर सही करायला त्याने टोरांटोतल्या भारतीय वाणिज्य दूतावासातून वडिलांच्या नावे मुखत्यारपत्र साक्षांकित करून पाठवलं. इथे आल्यावर तीन महिन्यांच्या आत त्याला मुद्रांक लावावा लागतो, तेवढ्यासाठी काकांच्या दोन चकरा झाल्या.

डिसेंबरात दोघं एकत्र आले. मुलगा अंगाने बारीक, डोळ्यांखाली काळं. मुंबईला इमिग्रेशनच्या रांगेत हात थरथरत होते म्हणाला. अधिकाऱ्याने पासपोर्टवर शिक्का मारला आणि पुढच्याला हाक दिली.

मोबाइल नंबर बदलायचा फॉर्म मी त्याच्यापुढे ठेवला. त्याने तिकडचा नंबर लिहिला, वडिलांनी चष्मा लावून एकेक आकडा बोट ठेवून तपासला. मीही खात्री करायला माझ्या टेबलावरच्या फोनवरून तो नंबर लावला. त्याच्या खिशात वाजला. फोन हातात घेऊन त्याने आधी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग उचलला.