मालिका ऐकायची असते

दुपारी पुनःप्रक्षेपण लागलेलं असतं. टीव्ही बाहेरच्या खोलीत, माणसं आत. कुणी कपड्यांच्या घड्या घालतंय, कुणी नुसतंच आडवं झालंय. पडद्यासमोरची खुर्ची रिकामी. तरी आतून शेरा येतो, ‘‘आता ही दाराआडून ऐकणार!’’ आणि ती ऐकतेच.

मराठी मालिकांना ठेवलेली नावं सगळ्यांना पाठ आहेत. संथ असतात, तेच तेच सांगतात, माणसं मोठ्याने विचार करतात. पण ही नावं बघणाऱ्यांनी ठेवलेली. ऐकणाऱ्याची काही तक्रार नसते, कारण हे सगळं त्याच्यासाठीच चाललेलं असतं.

‘‘तुला माहीतच आहे वहिनी, बाबा गेल्यापासून दादाने हे घर कसं सांभाळलंय.’’ वहिनीला माहीत आहे, तर मग कशाला सांगतेस बाई? ते आतल्या खोलीसाठी असतं. एका वाक्यात बोलणारी कोण, ऐकणारी कोण, मेलं कोण आणि कर्ता कोण, चारही गोष्टी आल्या. घडी घालणारा हात थांबला नाही. कथा, पटकथा आणि संवाद अशी तीन वेगळी नावं श्रेयनामावलीत असतात, त्यांतल्या संवादवाल्याचं हे खरं काम.

फोनचा प्रसंग तर कानासाठीच जन्मलेला. पलीकडच्या कलाकाराची तारीख मिळालेली नसते, म्हणून अलीकडचा दोघांचं बोलतो. ‘‘काय? अपघात? कुठे, हायवेवर? आणि सोबत कोण होतं म्हणालास?’’ खऱ्या आयुष्यात असं बोललो तर पलीकडचा वैतागून फोन ठेवेल.

आता बघायला बसा आणि घड्याळ लावा. अर्ध्या तासाच्या स्लॉटमध्ये जाहिराती वगळून मालिका उरते साधारण २२ मिनिटं. त्यात मागच्या भागाची उजळणी, शीर्षकगीत, शेवटी उद्याची झलक. मधे कुणीतरी लिफाफा उघडतं. दिवाणखान्यात सहाजण उभे आहेत. प्रत्येकाच्या चेहऱ्यावर चार सेकंद, अशा दोन फेऱ्या, झाली ४८ सेकंद. लिफाफ्यात काय आहे ते अजून कळलेलं नाही. यालाच पाणी घालणं म्हणतात. आणि ते घालावंच लागतं, कारण आठवड्याला सहा भाग द्यायचे असतात आणि एपिसोडची बँक, म्हणजे आधीच चित्रित करून ठेवलेल्या भागांचा साठा, कायम तळाला गेलेली असते. बघणाऱ्याला हे ४८ सेकंद सोसत नाहीत. ऐकणाऱ्याला मात्र एवढंच कळतं, की ढँग ढँग वाजतंय, काहीतरी मोठं झालंय. तेवढ्यात तो उशीचा अभ्रा बदलून येतो.

गंमत म्हणजे टीआरपीसुद्धा कानानेच मोजतात. २०१५पासून बार्क या प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या संस्थेकडून दर आठवड्याला जे आकडे येतात, त्यांच्यासाठी वाहिनीच्या आवाजातच एक खूण मिसळलेली असते. आपल्या कानाला ती कळत नाही. निवडक घरांत बसवलेलं मीटर ती ओळखतं आणि कोणती वाहिनी चालू आहे ते नोंदवतं. खोलीत कोण बसलंय हे घरच्यांनी बटण दाबून सांगायचं. बसलेल्याचे डोळे पडद्यावर आहेत की वाटाण्याच्या शेंगांवर, हे मीटरला कुठून कळणार? त्या आकड्यांवर खलनायिकेचं आयुष्य वाढतं, नायिकेची स्मृती जाते आणि ‘लीप’ येऊन मांडीवरचं बाळ सोमवारी कॉलेजात पोचतं.

विनोदाचं गणित मात्र उलटं. दूरदर्शनवरचा जुना ‘चिमणराव’ आठवा. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे नुसते शेजारी उभे राहिले, तरी हसू यायचं. ते आतल्या खोलीत कसं पोचणार? आजही ‘हास्यजत्रा’ चालू असताना आतल्यांची फार पंचाईत होते. आधी हशा येतो आणि कारण येतच नाही. कुणीतरी नुसतंच वळून बघितलेलं असतं, चालीत किंचित लचक आणलेली असते. हातातलं टाकून बाहेर यावं, तर नवा प्रसंग सुरू. कार्यक्रमाच्या परीक्षकांचं हसणं जास्त झालं, असं मला पुष्कळदा वाटतं. पण आत बसलेल्याला ‘पळत ये’ एवढं सांगण्यापुरतं ते उपयोगी पडतं, हे मान्य केलं पाहिजे. विनोदी मालिका आठवड्याचे सहा दिवस चालवायला घेतली, की महिन्याभरात तिच्यातही फोन वाजू लागतात, शेजारीण ‘‘अगं, ऐकलंस का?’’ म्हणत येते, आणि चेहरे बघायची गरज उरत नाही. साप्ताहिकच बरी.

दैनंदिन मालिकेतही कधीतरी एखादा प्रसंग बिनसंगीताचा जातो. बाप-लेक जेवतायत, कुणी बोलत नाही, नुसता ताटाला चमचा लागल्याचा आवाज. मग आतली मान आपोआप वर होते. घडी अर्धवट राहते. इतकी शांतता म्हणजे एक तर आज कुणीतरी खरंच काम करतंय, नाहीतर वीज गेली.

बहुतेक वेळा वीजच गेलेली असते.