नळाला पाणी

आमची आजी नळदुर्ग किल्ल्यातल्या बंधाऱ्याला पूलच म्हणायची. नळराजानं दमयंतीसाठी बांधलेला पूल. नळाचा दुर्ग तो नळदुर्ग, विषय संपला.

पूल म्हणण्यात तिचं फारसं चुकत नव्हतं. बोरी नदीच्या एका काठाला नळदुर्ग, दुसऱ्या काठाला त्याचा जोडकिल्ला रणमंडळ. मधली दगडी भिंत पाणी अडवते आणि माथ्यावरून माणसांना पलीकडे नेते. नळराजाचा हिशेब मात्र जुळत नाही. भिंतीच्या पोटातल्या पाणीमहालात फारसी शिलालेख आहे. त्यानुसार दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली, मीर इमादीननं हे काम केलं. हे बघून मित्रांचे डोळे उजळतील आणि शत्रूंना अंधारी येईल, असंही त्यात कोरलंय. ट्रकच्या मागं 'बुरी नजरवाले' लिहितात ना, त्याचा हा शाही पणजोबा!

वरचं धरण भरून वाहायला लागलं की इथले नर-मादी धबधबे सुरू होतात, आणि मग अख्खं सोलापूर हैदराबाद रस्त्याला लागतं. आम्हीही शेंगाचटणी, कडक भाकरी बांधून निघालो होतो. अरुंद पायऱ्या उतरून पाणीमहालात गेलो. डोक्यावरून नदी चाललेली, आणि आम्ही कोरडे. खिडकीबाहेर पाण्याचा पांढरा पडदा. बोललेलं काही ऐकू येईना. भिंतीला तळवा टेकवला तर दगड बारीक थरथरत होता, गिरणीतल्या जात्यासारखा. चारशे वर्षं हा असाच थरथरत उभा आहे. आमच्या बिल्डिंगच्या गच्चीला मात्र दुसऱ्याच पावसाळ्यात ओल आली.

आजीनं खिडकीतून हात बाहेर काढला, तुषार घेतले, तोंडावर फिरवले.

मी तिच्या कानाशी ओरडलो, "आजी, आदिलशहानं बांधलंय हे! तिथं लिहिलंय!"

"लिहू दे की. नावात नळ आहे म्हणून एवढं पाणी येतंय. आदिलशहाचं नाव दिलं असतं तर आलं असतं का बे?"

चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या गावातल्या बाईशी या विषयावर वाद घालायची माझी टाप नव्हती.

संध्याकाळी घरी पोचलो. शेजारच्या काकू दारातच उभ्या होत्या.

"कुठं गेला होता हो सगळे? नळाला पाणी येऊन गेलं की!"