नोंद ७ : कमान धरली!

मागच्या नोंदीपर्यंत माझा संगणकावरचा बर्फ सामुद्रधुनीत थांबायलाच तयार नव्हता. परवा रविवारी पहाटे थांबला.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात. ग्रीनलंड आणि एल्समीर बेटामधली नेअर्स सामुद्रधुनी मी संगणकावर उभी करतोय. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारा बर्फ तिच्या दक्षिण टोकाला, स्मिथ साउंडच्या तोंडाशी अडकतो आणि या काठापासून त्या काठापर्यंत कमान धरतो. बहुतेक वर्षी ती उन्हाळ्यापर्यंत टिकते. २००७ साली ती बसलीच नाही आणि जाड, जुना बर्फ खाली वाहत राहिला.

बर्फाच्या तुकड्यांऐवजी माझ्याकडे ४,००० गोल चकत्या आहेत. वारा ढकलतो, काठ अडवतो. चकत्या एकमेकींना घासायच्या, पण चिकटायच्या नाहीत. तोंड चार-पाच चकत्यांएवढं ठेवलं की अडकायच्या, रुंद केलं की सगळं सुटायचं. घर्षणाचा आकडा वाढवण्यात तीन आठवडे गेले. (एकाच मापाच्या चकत्या घेऊ नका. त्या मधाच्या पोळ्यासारख्या रचून बसतात आणि खोटी कमान दिसते.)

वाट सापडली ती शाहूपुरीतल्या गिरणीत. भर पावसात नेलेला जोंधळा वरच्या पेटीतून खाली उतरेना. गिरणीवाले काका फळीवर थापटत म्हणाले, "ओल धरलीया, दाण्याला दाणा चिकटलाय." कोरडा दाणा नुसत्या घर्षणावर अडकतो तो अगदी अरुंद तोंडापाशी. स्मिथ साउंड तर कितीतरी तुकड्यांएवढं रुंद!

घरी येऊन हिशेब मांडला. सेकंदाला १० मीटरचा वारा दर चौरस मीटर बर्फाला साधारण ०.१५ न्यूटनने ढकलतो. रुंदी ४० किलोमीटर धरून तो जोर दोन काठांत वाटला, तर काठाच्या दर मीटरवर ३,००० न्यूटन येतात. मीटरभर जाड बर्फात हा ताण फक्त ३ किलोपास्कल. म्हणजे तुकड्यांमधला गोठलेला सांधा फार बळकट नको, पण हवाच. हिब्लर यांच्या समुद्री बर्फाच्या गणिती पद्धतीत बर्फ किती ताणाला मोडतो ते एका लंबवर्तुळानं ठरतं. तिथंही त्याच्या लांबी-रुंदीचं नेहमीचं २ हे गुणोत्तर कमी केलं की कमान सहज टिकते. म्हणजे वाढतो तो चिकटपणाच.

आता टेकून राहिलेल्या दोन चकत्यांमध्ये सांधा हळूहळू गोठतो आणि ताण मर्यादेपलीकडे गेला की तुटतो. १८ चकत्या रुंद तोंडावर कमान बसली, खालची कड उत्तरेकडे आत वळलेली, अगदी उपग्रहाच्या चित्रात दिसते तशी. मी दहा मिनिटं नुसता बघत बसलो.

वारा वाढवला की ती काठापाशी मोडते, पण तुटलेले सांधे फार लवकर परत गोठतात. पुढच्या आठवड्यात गोठण्याचा वेग तापमानाला बांधतोय.