एकाच मजकुराचे दोन कागद

रत्नागिरीच्या एका महाविद्यालयात मी राज्यशास्त्र शिकवतो. गेल्या श्रावणात पत्र्यावरच्या पावसामुळे मागच्या बाकापर्यंत आवाज जाईना, म्हणून व्याख्यान बाजूला ठेवून मी वर्गाला कागद वाटले. अमेरिकेत २३ मार्च २०१० रोजी स्वाक्षरी झालेल्या आरोग्यविमा कायद्याच्या तीन मूळ तरतुदी त्यांवर होत्या: जुना आजार असला तरी विमा नाकारता येणार नाही, मुलांना २६ वर्षांची होईपर्यंत आईवडिलांच्या पॉलिसीत राहता येईल, आणि विमा न घेणाऱ्याला दंड भरावा लागेल. डावीकडच्या बाकांना कायद्याचे अधिकृत नाव दिले होते, ‘रुग्ण संरक्षण आणि परवडणारी आरोग्यसेवा कायदा’. उजवीकडच्यांना ‘रोजगार मारणारा आरोग्य कायदा’. हे दुसरे नाव माझ्या पदरचे नव्हते. अमेरिकेतल्या रिपब्लिकन पक्षाने हा कायदा रद्द करण्यासाठी २०११ मध्ये आणलेल्या विधेयकाच्या शीर्षकातच ते शब्द होते. त्याच जानेवारीत ॲरिझोनातल्या टक्सन शहरात एका महिला खासदारावर गोळीबार झाला; त्यानंतर ‘मारणारा’ या शब्दावर टीका होऊनही अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधिगृहाने ते शीर्षक न बदलता विधेयक २४५ विरुद्ध १८९ मतांनी संमत केले. सिनेट या दुसऱ्या सभागृहात ते अडले, पण नावाचे काम तोवर झाले होते.

डावी बाजू रुग्णांविषयी बोलली, उजवी दंडाविषयी. मिरकरवाड्याच्या एका मुलाने तर दंडाची ओळ तीनदा वाचून दाखवली आणि पहिल्या ओळीकडे ढुंकूनही पाहिले नाही. दोन्ही कागद मी शेजारी शेजारी धरले तेव्हा वर्गात हशा पिकला. युक्ती साधली म्हणून मीही, खरे सांगायचे तर, थोडा फुशारलो.

तास संपल्यावर तो मुलगा थांबला. “सर, आमच्या आजीचं असंच झालेलं,” तो म्हणाला. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेचे कार्ड तिने जपून ठेवले होते. १ एप्रिल २०१७ पासून योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले, तेव्हा “राजीव गांधीवाली योजना गेली, आता आपल्याला काय मिळणार नाय,” असे म्हणून छातीत दुखत असतानाही ती दोन महिने रुग्णालयाची पायरी चढली नाही. अखेर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राने, म्हणजे योजनेच्या मदतनिसाने, तिच्याकडचे पिवळे रेशनकार्ड पाहिले आणि उपचार याच योजनेतून होतील, असे सांगितले. इतकी वर्षे मी या विषयाला अमेरिकेचे उदाहरण देत आलो. ही गोष्ट माझ्या टिपणांत कुठेच नव्हती.

जुने कार्ड आजीने अजून टाकलेले नाही. नाव पुन्हा बदलले तर लागेल म्हणून ते रेशनकार्डाच्याच प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे.