मोठ्या मायची फुगडी

आमच्या अमळनेरकडच्या शेतकरी बायांना आषाढी वारी सहसा जमत नाही. मुक्ताईची पालखी मुक्ताईनगरजवळच्या कोथळीहून पंढरीला निघते ती ज्येष्ठात, आणि तेव्हा कपाशीची लागवड डोक्यावर असते. माघात कापूस घरात आलेला असतो, हात मोकळे असतात. म्हणून मोठी माय, म्हणजे माझी आजी, माघ वद्य एकादशीला मुक्ताईनगर गाठायची. धरणगाव, जळगाव, नशिराबाद, भुसावळ, सगळं पायी.

गेल्या पावसाळ्यात ती गेली. तिची तुळस यंदा कोण घेणार, असा दिंडीतून निरोप आला. घरात कुणी तोंड उघडेना, तेव्हा मी हो म्हटलं. माझी श्रद्धा तशी बेताचीच.

घरात मोठी माय म्हणजे खालच्या आवाजातलं माणूस. सगळ्यांची जेवणं झाल्यावर जेवायची. आजोबा ओसरीवर असले की मागच्या दारानं ये-जा करायची. तिला खळखळून हसताना मी पाहिलेलं नाही.

दिंडीत पहिल्याच विसाव्याला एका आजीनं माझा हात धरून सगळ्यांना सांगितलं, "हाई तिनी नात शे." आणि बाया हसायलाच लागल्या. मला वाटलं, आता पदर डोळ्यांना लागतील. पण नाही. "गंज हासाडे आम्हले!" मग एकेकीचं सुरू झालं. मोठी माय दिंडीप्रमुखांची चाल करून दाखवायची म्हणे, तीही त्यांच्याच मागे. पाण्याच्या टँकरवर भांडण झालं की हिचा आवाज सगळ्यात वर. आणि फुगडी? सत्तरीतही तिच्यासमोर टिकायला पोरीबाळी घाबरायच्या.

हायवेवरची वाट काही सुंदर नाही, उगाच कशाला खोटं सांगू. ट्रकांचा वारा अंगावर येतो, टाचांना फोड येतात, भुसावळ सोडल्यावर दीपनगरच्या वीजकेंद्राच्या चिमण्या कितीही चाललं तरी मागे पडत नाहीत. पण मुक्कामाच्या गावांत कळण्याची भाकरी आणि भरीत असं मिळतं की पाय विसरतात. वाढणाऱ्या बायासुद्धा विचारायच्या, "ती फुगडीवाली नाही आली यंदा?" मी सांगायचे. त्या क्षणभर थांबायच्या आणि ताटात अजून एक भाकरी टाकायच्या.

तिची आवडती गोष्ट चांगदेवांची, हेही मला तिथंच कळलं. चौदाशे वर्षांचा योगी, वाघावर बसून आलेला, आणि मुक्ताई एवढीशी पोर असून त्याची गुरू झाली. मोठी माय ही गोष्ट हातवारे करून सांगायची. वाघही तीच, मुक्ताईही तीच. मुक्ताई 1297 साली तापीकाठी विजेच्या कडकडाटात गुप्त झाली असं मानतात. तो भाग मात्र ती सांगत नसे. तिथं आलं की म्हणे, चला, उठा, चहा घ्या.

एकादशीला कोथळीच्या समाधीपुढे रांगेत उभी राहिले. महाशिवरात्रीला तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचं दर्शन घेतलं. तिथं त्या आजीनं मला ओढून फुगडी घालायला लावली. दोन गिरक्यांत मला चक्कर आली. "नातीले काही जमत नही," असा निकाल लागला.

घरी आल्यावर वडिलांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"फुगडी? मनी माय?" ते म्हणाले. "दुसरी कोनी व्हई."