पाटा काढायचाय

वहीच्या शेवटच्या पानावर मी एक यादी सुरू केलीय. वर ठळक अक्षरांत ‘गाडी’, खाली एकेक काम. पान भरत आलं. गाडीला पाना मात्र अजून लागायचाय.

गाडी म्हणजे जुनी पिकअप, २०१४ चं मॉडेल. नंबर एमएच-०६, म्हणजे रायगडचा. आमची द्राक्षबाग निफाड तालुक्यात. २९ आणि ३० नंबरचे फॉर्म भरून ती माझ्या नावावर झाली, पण राज्यातल्या राज्यात नंबर काही बदलत नाही. त्यामुळे पिंपळगावच्या बाजारात कुणीही विचारतं, “काय भाऊ, कोकणातून काय आणलं?” समुद्रकाठची गाडी घेऊ नये, असं चौघांनी सांगितलं होतं. चौघंही बरोबर निघाले. आधीचा मालक तिच्यातून मासळी न्यायचा. बर्फाचं खारट पाणी वर्षानुवर्षं हौद्यात मुरलं आणि तळाच्या पत्र्याची चाळण झाली. पावसात काचा बंद करून बसलं की केबिनमध्ये अजून मासळीबाजार भरतो.

म्हणून यादीत पहिला हौदा. जुना पत्रा कापून ठिपक्यांची जाड प्लेट टाकायची. फॅब्रिकेशनवाला म्हणतो, वर अँगलचा सांगाडाही करून टाकू, ताडपत्रीला बरा. पण पासिंगच्या, म्हणजे आरटीओच्या, कागदावर गाडीचं एकूण वजन ठरलेलं. लोखंड जितकं चढवू तितका माल उतरवावा लागणार. द्राक्षांऐवजी अँगल घेऊन बाजारात जाऊन काय करू?

खरी मौज आहे कमानीची, म्हणजे चाकांवर गाडीचा भार झेलणाऱ्या, एकावर एक रचलेल्या पोलादी पाट्यांची. हायवेला ‘कमान वर्क्स’ची पाटी असलेलं एक दुकान आहे, तिथे गाडी दाखवायला नेली. मिस्त्री खाली वाकला आणि हसला. “आधीच्या मालकानं जादा एक पाटा टाकलाय हो. लई वजन वाहिलंय हिनं.” मागून गाडी थोडी उचललेली का दिसते, रात्री दिव्यांचा उजेड चार हातांवरच का पडतो, दोन्ही कोडी एकदम सुटली. मागची बाजू वर गेली की पुढचे दिवे नाक खाली करतात.

“अजून एक टाकू का?” त्यानं विचारलं. सगळे तेच करतात. पिकअप घेतली की आधी पाटा वाढवायचा, मग सीटकव्हर आणि टेप. पाटा वाढवल्यानं कागदावरची क्षमता किलोभरही वाढत नाही, पण मनातली वाढते.

मी म्हटलं, “टाकायचा नाही, काढायचाय.”

तो उभाच राहिला. मग मी त्याला समजावलं. खरं तर रात्रभर अंथरुणात स्वतःला समजावलं होतं, तेच. बर्फ आणि मासळी भरली की गाडी दबते, तेव्हा जादा पाटा कामाचा. माझे द्राक्षांचे क्रेट. एकावर एक फार रचता येत नाहीत, कारण खालचे मणी चेपतात. म्हणजे गाडी भरल्यासारखी दिसते आणि वजन मात्र बेताचं. एवढ्याशा वजनाला कडक कमान वाकतच नाही. शिवाररस्त्यावरचा प्रत्येक खड्डा थेट घडापर्यंत जातो. बाजारात क्रेट उघडला की तळाशी सुटे मणी, आणि व्यापारी एक मणी तोंडात टाकत भाव पाडायला मोकळा.

मिस्त्रीनं कानावरची बिडी काढली. “इतकी वर्षं पाटे टाकतोय. काढायला पहिलाच आला.”

बाकी यादी किरकोळ आहे. पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल अशी चमकपट्टी नव्यानं लावायची. आठ वर्षांच्या पुढच्या गाडीला पासिंग दरवर्षी, तिथे ती बघतात. प्रेशर हॉर्न काढायचा. (तो वाजवून बघितला तेव्हा शेजारची गाय दावं तोडून पळाली. शेजारी अजून बोलत नाही.) सीटकव्हरचा रंग घरात ठरत नाही, तेव्हा ते काम पुढच्या वर्षी.

काचेवरची रेडियमची अक्षरं खरवडायची, असंही लिहिलं होतं. ‘आई एकविरेची कृपा’. आपण वणीच्या सप्तशृंगीची माणसं, म्हणून. आईनं ते वाचलं. “देवीला कुठं खरवडतो? राहू दे. खाली आपल्या देवीचं नाव टाक. दोघी बोलतील एकमेकींशी.” मी त्या ओळीवर काट मारली.

आईनं मग पेन माझ्याच हातातून घेतलं आणि कमानीच्या ओळीपुढे लिहिलं: ‘काढलेला पाटा मिस्त्रीकडे सोडू नये. लोहाराकडून दोन कोयते.’