मानेपेक्षा चिठ्ठीनेच जास्त छळलं

अमळनेरला जिनिंगमध्ये (कापसातून सरकी काढायचा कारखाना) हिशोबाला आहे, कापसाच्या सीझनला दिवसभर मान खाली. दिवाळीत मान धरली ती होळी आली तरी सुटेना. तीन महिन्यांच्या वर गेलं की त्याला क्रॉनिक म्हणतात, तोपर्यंत बाम, गोळ्या, गळ्यात पट्टा सगळं करून झालं होतं.

हाडाच्या डॉक्टरांनी एक्सरे बघितला, म्हणे थोडी झीज आहे, या वयात बऱ्याच जणांना असते, फिजिओला जा. झालं, पाच मिनिटं. फिजिओ त्याच दवाखान्यात वरच्या मजल्यावर, पण खिडकीवरची मॅडम म्हणे चिठ्ठी कुठाय? खाली आलो तर डॉक्टर ऑपरेशनला. दुसऱ्या दिवशी गेलो तर केस पेपर नवीन काढा. दीड तास बाकड्यावर, मागे टेकायला भिंत नाही आणि टीव्ही पार छताला टांगलेला, म्हणजे मान दुखणाऱ्यांनीच वर बघत बसायचं! शेजारच्या बाबांनी विचारलं "काय व्हयनं भाऊ?", मी वळून सांगायला गेलो तर कळ थेट खांद्यापर्यंत. चिठ्ठी मिळाली, वर गेलो, तर चिठ्ठीखाली डॉक्टरांची सहीच नाही. तिसऱ्या दिवशी सही झाली तर एक्सरेची फिल्म पाहिजे, मोबाईलमधला फोटो चालत नाही. फिल्म घरी कपाटावर. तेव्हा सही बघितल्याशिवाय डॉक्टरांसमोरून उठूच नका.

फिजिओवाल्या ताईंनी आधी विचारलं, हाताला मुंग्या, पकड ढिली, चालताना तोल जातो का? असलं काही असेल तर परत डॉक्टरांकडे. मग मणके बोटांनी हळूहळू दाबून मान मोकळी केली, कडाकड काही नाही. (न्हाव्याकडून मान मोडून घेऊ नका, मी दोन वर्षं घेतली. झटक्याने मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटू शकते, हे ऐकून घामच फुटला.) दोन दिवस हलकं वाटलं, मग परत तेच. ताई चिडल्या, नुसतं दाबून घ्यायला येता का, व्यायाम कोण करणार? हनुवटी सरळ मागे ओढायची, डबल चिन दिसली पाहिजे, दहा आकडे मोजेपर्यंत धरायची, असं दहा वेळा. खांद्यांची पाती मागे एकमेकांजवळ आणायची, नंतर रबरी पट्टी ओढायची. पहिला आठवडा उलट जास्त ठणकलं, सोडणारच होतो.

हां, गळ्यातला पट्टा त्यांनी पहिल्याच दिवशी काढायला लावला, फार दिवस घातला की स्नायू ढिले पडतात.

दीड महिन्यानी गाडीवर धरणगावला जाताना मागचा ट्रक मान वळवून बघितला, बायको म्हणे समोर बघा! परवा आईच्या गुडघ्यासाठी परत त्याच दवाखान्यात गेलो. टीव्ही अजून छतालाच आहे.